घेरी आली की लगेच 'लो बीपी'? आधी एवढं बघा

"सिस्टर, माका घेरी येता. प्रेशर लो झाला आसतला. एक बाटली लावा."

सिंधुदुर्गातल्या एका उपकेंद्रात 28 वर्षं नोकरी केली. सकाळी दार उघडलं की पायरीवर कुणीतरी हे वाक्य घेऊन बसलेलं असायचंच. बाटली म्हणजे सलाईन. ती लावली की माणूस बरा होतो, हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे की न लावणारा डॉक्टर लोकांना अर्धा शिकलेला वाटतो. म्हणून आधी बाटलीतलं सांगते. 500 मिलिलिटरच्या नॉर्मल सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं, म्हणजे चहाचा पाऊण चमचा. बाकी पाणी. डेक्स्ट्रोजची 5 टक्क्यांची बाटली असेल तर तिच्यात 25 ग्रॅम साखर, पाच-सहा चमचे. जो माणूस तोंडाने पिऊ शकतो, ज्याला उलट्या होत नाहीत, त्याला हे सगळं घरच्या पेजेच्या वाडग्यातून मिळतं, तेही सुई न टोचता.

पण पेज द्यायची की गाडी बोलवायची, हे ठरवायला काय झालंय ते कळायला हवं. घरात नुकतं बीपीचं मशीन आलंय, किंवा कुणाला 'लो आहे' असं सांगून घरी पाठवलंय, अशांसाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. जे बघितलं, जे शिकवलं गेलं आणि जे करताना चुकले, तेवढंच सांगणार आहे.

आकडा आणि माणूस

वरचा आकडा म्हणजे हृदय आवळून रक्त ढकलतं तेव्हाचा दाब, खालचा म्हणजे ते सैल पडतं तेव्हाचा. वरचा 90 च्या खाली किंवा खालचा 60 च्या खाली गेला की त्याला लो म्हणायची पद्धत आहे. ही रेघ लक्षात ठेवा, पण तिला चिकटून बसू नका.

आमच्या वाडीत एक कॉलेजला जाणारी मुलगी होती, अगदी सडपातळ. कुठल्याशा शिबिरात तिचं बीपी 88/58 भरलं. झालं, घरच्यांनी वर्षभर तिला मीठ-साखरेचं पाणी पाजलं, सायकल बंद केली, मैदानावर जाऊ देईनात. तिला दम लागायचा, थकवा यायचा, म्हणून सगळ्यांना पटतही होतं. शेवटी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 8. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि तीन-चार महिन्यांत ती पुन्हा सायकलवर बसली. बीपी तेव्हाही 90 च्या आसपासच होतं. ते तिचं नेहमीचं होतं, तिला त्याचा काही त्रास नव्हता.

आता उलटं बघा. ज्याचं बीपी एरवी 160 असतं, त्याचं एका दुपारी 105 भरलं, अंग गार आणि घामाने चिंब. मशीन म्हणेल नॉर्मल. त्याच्यासाठी ते लो आहे आणि धोक्याचं आहे. म्हणून एक जुनी वही घ्या आणि घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं बरं असतानाचं बीपी तारीख घालून लिहून ठेवा. पुढे सगळीकडे ही वही लागणार आहे.

मोजताना

दंडाला पट्टा बांधायचं मशीन घ्या, मनगटाचं नको. मोजायच्या आधी अर्धा तास चहा नको, विडी-तंबाखू नको. बायांना मुद्दाम सांगते, मशेरीसुद्धा नको. मशेरी लावून लगेच मोजलेला आकडा खरा नसतो. शिवाय रिकाम्या पोटी मशेरीनेच कितीतरी जणींना सकाळी गरगरतं, आणि नाव मात्र बीपीचं होतं.

लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर बांधा. हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवा. हात छातीच्या वर ठेवला तर आकडा खोटा कमी येतो. दहा सेंटिमीटर उंचीने सात-आठचा फरक पडतो. बारीक दंडावर मोठा पट्टा बांधला तरी आकडा कमीच दिसतो, आणि आपल्या म्हाताऱ्या बायांचे दंड काठीसारखे असतात. एकदा मोजून घाबरू नका. एक-दोन मिनिटांनी पुन्हा मोजा, दोन्ही आकडे लिहा. नाडी अनियमित चालणाऱ्यांच्या बाबतीत डिजिटल मशीन गोंधळतं, त्यांचं डॉक्टरांकडूनच मोजून घ्यावं.

घेरी म्हणजे नक्की काय होतं?

घेरी, भोवळ, चक्कर, अंधारी, गरगर हे सगळे शब्द आपण एकाच पोत्यात भरतो. ते वेगळे काढले की अर्धं निदान होतं.

उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, कान बंद झाल्यासारखे वाटतात, बसल्यावर किंवा आडवं झाल्यावर बरं वाटतं, तर बीपी उतरत असण्याची शक्यता जास्त. खाटेवर कूस बदलली आणि घर फिरायला लागलं, तर दोष बहुधा कानातला, त्याला मीठ-पाणी पाजून काही होत नाही. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेतलं, जेवायला उशीर झाला, हात थरथरतात, घाम सुटतो, तर आधी साखर बघा. बघता येत नसेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या.

झोपून आणि उभं राहून

ही तपासणी घरी करता येते, फुकट आहे, आणि तरी क्वचितच कुणी करतं. माणसाला पाच मिनिटं झोपवा, बीपी मोजा. मग उभं करा, एका मिनिटाने मोजा, तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजा. शेजारी कुणीतरी धरायला हवंच. पाठीमागे खुर्ची ठेवा. वरचा आकडा 20 किंवा त्याहून जास्त उतरला, किंवा खालचा 10 ने उतरला, तर उभं राहताना बीपी पडतं असं म्हणायचं. नुसतं बसवून मोजलं तर हे सापडत नाही. बसून 130 आणि उभं राहून 98 अशी माणसं 'बीपी चांगलं आहे' ऐकून घरी जातात आणि न्हाणीघरात पडतात.

असं का होतं? उभं राहिलं की अर्धा लिटरहून जास्त रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं. निरोगी शरीर क्षणात शिरा आवळतं, हृदयाची गती वाढवतं आणि डोक्याचा पुरवठा सांभाळतं. वय झालं, मधुमेहाने नसा कमजोर झाल्या, पार्किन्सन असला, अंगात पाणी कमी असलं किंवा गोळ्यांनी शिरा सैल केल्या, की हे सांभाळणं उशिरा होतं.

गोळ्यांची पिशवी उलटी करा

आता मी स्वतः चुकले ते सांगते. माझे सासरे रात्री लघवीला उठायचे. खाटेवरून उठून, पडवी ओलांडून, खळ्याच्या कडेच्या मोरीकडे. त्यांना प्रोस्टेटसाठी नवी गोळी सुरू झाली होती. बीपीच्या दोन गोळ्या आधीपासून होत्याच, त्यातली एक लघवी वाढवणारी. लिहून देणाऱ्याने सांगितलं नाही आणि घरात नर्स असून मी विचारलं नाही. चौथ्या रात्री ते उंबरठ्यावर कोसळले. कपाळाला पाच टाके पडले. दुसऱ्या दिवशी मोजलं तर झोपून 138/80, उभं राहून 104/62.

प्रोस्टेटच्या बऱ्याच गोळ्या शिरा सैल करतात, तो त्यांच्या कामाचाच भाग आहे. त्याच जातीची प्राझोसिन आपल्या कोकणाला वेगळ्या कारणाने माहीत आहे. विंचवाच्या दंशावर ती वापरून महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कितीतरी जीव वाचवले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचवावर प्राझोसिन दिलेल्या रोग्याला उठवून बसवू नका, आडवंच ठेवा, असं आम्हाला बजावलेलं असायचं, कारण पहिल्या डोसानंतर उभं केलं तर बीपी घसरतं. हे मला पाठ होतं. घरात मात्र आठवलं नाही.

तर पिशवी उलटी करा आणि बघा: बीपीच्या गोळ्या, लघवीच्या गोळ्या, प्रोस्टेटच्या, छातीत दुखतं म्हणून जिभेखाली ठेवायची नायट्रेटची, पार्किन्सनच्या, झोपेच्या, मनाच्या आजाराच्या. मुंबईच्या डॉक्टरांची एक आणि गावच्या डॉक्टरांची दुसरी, नावं वेगळी पण औषध एकच, असंही पुष्कळदा निघतं. चाकरमानी मुलगा गणपतीला येताना तीन महिन्यांच्या गोळ्या आणतो आणि आई दोन्ही घेत राहते. नायट्रेट घेणाऱ्याने लैंगिक ताकदीची गोळी, म्हणजे सिल्डेनाफिल वगैरे, घेऊ नये. दोन्ही मिळून बीपी जीवघेणं पडतं. हे लाजेने सांगितलं जात नाही, म्हणून इथे लिहिते.

आणि यातली कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. सासऱ्यांची गोळी डॉक्टरांनी बदलली, दुसरीची वेळ फिरवली, आम्ही खाटेखाली लघवीचं भांडं ठेवलं. पुन्हा ते पडले नाहीत.

समोर कुणी कोसळलं तर

आडवं करा. पाय वीतभर-दीड वीत वर, पाटावर किंवा उशीवर ठेवा. गळ्याची, कमरेची कापडं सैल करा. भोवतीची माणसं हटवा, हे सगळ्यात कठीण काम. उभं करून चालवू नका, खुर्चीत बसवून दोन्हीकडून धरून ठेवू नका. आरतीत पडलेल्या बाईला चार जणी उचलून उभी धरतात, आणि डोकं खाली जाऊ न दिल्यामुळे तिला शुद्ध यायला उशीर होतो. साध्या भोवळीत आडवं झाल्यावर मिनिटभरात माणूस डोळे उघडतो.

पूर्ण शुद्ध येईपर्यंत तोंडात काही घालू नका, पाणीसुद्धा नाही. शुद्ध आल्यावर दहा-पंधरा मिनिटं पडू द्या, मग बसवा, मग उभं करा. पोटुशी बाई असेल, दिवस भरत आलेले असतील, तर उताणी न झोपवता डाव्या कुशीवर वळवा. उताणं झोपल्यावर गर्भाशयाचं वजन मोठ्या शिरेवर पडतं आणि बीपी आणखी उतरतं.

श्वास थांबला, नाडी लागत नाही, तर छाती दाबायला सुरुवात करा आणि 108 ला फोन लावा. याशिवाय खालीलपैकी काहीही असेल तरी घरी थांबू नका: छातीत दुखणं, अंग गार आणि चिकट, श्वास जोरात, बोलणं बरळल्यासारखं, काळी शी किंवा रक्ताची उलटी, सहा-आठ तास लघवी नाही, पोटुशीच्या अंगावरून रक्त जाणं, गांधीलमाशी चावल्यावर किंवा इंजेक्शननंतर अंगावर गांधी उठून घशाला आवळल्यासारखं होणं. या शेवटच्यात मिनिटं मोजायची असतात. तिथे मांडीत दिलेलं अॅड्रेनालिन हाच उपाय, बाकीची इंजेक्शनं नंतर.

रोजचा उपचार

कारण सापडलं तर उपचार त्या कारणाचा. अॅनिमिया असेल तर लोह, थायरॉइड कमी असेल तर त्याची गोळी, अंगावरून फार जात असेल तर त्याचा इलाज, हृदयाचे ठोके फार संथ असतील तर हृदयाच्या डॉक्टरकडे. फक्त उभं राहताना बीपी पडणाऱ्यांना पुढच्या सवयी खरोखर उपयोगी पडतात.

उठायचं तीन टप्प्यांत. डोळे उघडले की खाटेवरच पावलं वर-खाली दहा-पंधरा वेळा हलवा. मग मिनिटभर पाय सोडून बसा. मग खांबाला धरून उभे राहा, आणि लगेच चालू लागू नका. सकाळी उठण्याआधी दोन भांडी पाणी पटापट प्यायलं तर पुढच्या अर्ध्या तासात बीपी चढतं. पाण्यासारखी साधी गोष्ट इतकं करते हे मला आधी खरं वाटलं नव्हतं, वहीत आकडे लिहिले तेव्हा पटलं. पाणी मोजून प्यायला सांगितलेल्या हृदयाच्या किंवा किडनीच्या रोग्याला मात्र हे लागू नाही.

भोवळ येतेय असं वाटलं आणि बसायला जागा नसेल, तर पायावर पाय तिढा घालून मांड्या आवळा, मुठी घट्ट करा. एसटीच्या रांगेत हे कुणाला कळतही नाही.

जेवण थोडं थोडं करा. रविवारी मासळी आली की ताटभर भात, मग हात धुवायला उठताना अंधारी. पोटभर जेवल्यावर रक्त आतड्यांकडे वळतं आणि वयस्कर माणसांचं बीपी दोन तासांपर्यंत उतरलेलं राहू शकतं. भात निम्मा करा, जेवणाआधी पाणी प्या, जेवून थोडं पडा. वामकुक्षीला इथे वैद्यकीय आधार आहे, एवढं समाधान माना. कढत पाण्याने फार वेळ अंघोळ नको, दारू नको.

मिठाबद्दल जपून. 'लो आहे ना, मग खारा बांगडा खा' असं सांगणारे दारोदार भेटतात. दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे, आणि लोणचं, सुकट, सांडगी मिरची, आगळ असलेल्या आपल्या जेवणात तेवढं कधीच होऊन जातं. काही रोग्यांना डॉक्टर मीठ वाढवायला सांगतात, पण ते तपासून. झोपल्यावर बीपी हाय आणि उभं राहिल्यावर लो, अशी माणसं असतात. त्यांना मीठ वाढवलं तर रात्री नुकसान होतं. बिटाचा रस लो बीपीवर चांगला, असा निरोप मोबाइलवर फिरत असतो. बिटाने बीपी उतरतं. ज्येष्ठमधाने चढतं खरं, पण अंगातलं पोटॅशियम उतरतं, तेव्हा रोज चघळायचा उद्योग नको.

एवढं करूनही भागलं नाही तर गोळ्या आहेत. फ्लुड्रोकॉर्टिसोन शरीरात मीठ-पाणी धरून ठेवते, पायाला सूज येते का आणि पोटॅशियम घटतं का हे बघावं लागतं. मिडोड्रिन शिरा आवळते, तिचा शेवटचा डोस झोपण्याच्या चार तास आधी संपवायचा. मांड्यांपर्यंतचे घट्ट मोजे किंवा पोटाचा पट्टा काहींना उपयोगी पडतो, पण आपल्या दमट हवेत मे महिन्यात ते कोण घालून बसेल? पोटाचा पट्टा त्यातल्या त्यात सोसतो.

वैशाखापासून भाताच्या कापणीपर्यंत

चैत्र-वैशाखात इथे घाम वाळत नाही, नुसता गळतो, आणि त्याबरोबर मीठही. आंबा काढणारे, चिरेखाणीतले कामगार, माडावर चढणारे पाडेली यांनी तहान लागायची वाट बघू नये. पेजेत चिमूटभर मीठ, कोकमाचं सरबत, ताकाचं भांडं, जे मिळेल ते दर तासाला. जुलाब-उलट्या असतील तर ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात, अर्धं पाकीट नाही आणि जास्त पाणीही नाही. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ.

हरतालिकेचा निर्जळी उपास, पहाटेपासून चूल, आणि दुसऱ्या दिवशी धूप-कापराने भरलेल्या माजघरात तासभर उभं राहून आरत्या. यात भोवळ आली नाही तरच नवल. पोटुशी बाई, गोळ्या घेणारी सासू, नुकतं बाळंतपण झालेली सून यांनी बसून टाळ वाजवावेत. गणपती रागावत नाही.

पण पाऊस पडल्यावरच्या तापात कमी बीपी आढळलं तर ते आरतीतल्या भोवळीसारखं समजू नका. चिखलात लावणी केलेल्या माणसाला ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल, आणि बीपी कमी, तर लेप्टोची, म्हणजे उंदराच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची, शंका घ्या आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. डेंग्यूत ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवस फसवे असतात. घरचे म्हणतात बरा झाला, आणि तेव्हाच रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून बीपी कोसळतं. पोट दुखणं, सारख्या उलट्या, गार हात ही खूण. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात काजूच्या हंगामात जंगलात जाणाऱ्यांनी माकडतापही लक्षात ठेवावा. 2016 साली दोडामार्गात त्याने गावंच्या गावं धास्तावली होती. गोचीड चावल्यावर येणाऱ्या या तापातही बीपी उतरतं. आणि फुरसं हा विषारी साप चावल्यावर रक्त गोठेनासं होतं, तेव्हा 'बीपी लो आहे' म्हणून खासगीत सलाईन लावत बसू नका, प्रतिविष जिथे मिळेल तिथे जा.

दवाखान्यात जाताना

वही घ्या. गोळ्यांची पिशवी रिकाम्या पाकिटांसकट घ्या, नावं सांगताना 'ती पांढरी गोल' याने कुणाचंच काही होत नाही. घेरी किती वाजता आली, आधी काय खाल्लं, उठताना आली की बसल्या बसल्या, हे लिहून न्या. तिथे बहुधा ईसीजी, हिमोग्लोबिन, साखर, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), सोडियम-पोटॅशियम आणि गरज वाटल्यास थायरॉइड बघतील. झोपून-उभं बीपी मोजलं नाही तर नम्रपणे मागा. "डॉक्टर, उभं राहिल्यावर एकदा बघाल का?" याचा राग कुणी धरत नाही, आणि धरला तरी बीपी आपलं आहे.

रक्त उपाशीपोटी द्यायचंच असं नेमकं सांगितलं नसेल तर पेज पिऊन निघा. पहिली एसटी पकडायची म्हणून रात्रीपासून उपाशी आलेली माणसं केसपेपरच्या रांगेतच कोसळताना मी पाहिली आहेत. रांगेत सोबतच्याला उभं करा, तुम्ही बाकावर बसा.